मरीनात स्लिप घेताना दर कसा वाचायचा: जागा, सोयी आणि तपासणीचा क्रम

दोन मरीनांची (म्हणजे खासगी बोटी ठेवायच्या बंदरांची) दरपत्रकं समोर ठेवायची, प्रति फूट दर बघायचा आणि कमी आकड्याची मरीना निवडायची, अशी बहुतेकांची पद्धत असते. वर्षअखेरीला हिशेब केला की कळतं, कमी दराची स्लिपच (बोट उभी करायची भाड्याची जागा) महाग पडली. कारण प्रति फूट दराला कोणत्या लांबीने गुणायचं, त्यात काय धरलंय आणि काय वेगळं मोजलंय, हे प्रत्येक मरीनात निराळं असतं.

दुसरी चूक याहून महाग पडते. लोक आधी सोयी बघतात. चकचकीत स्नानगृहं, पोहण्याचा तलाव, कॅफे हे लगेच नजरेत भरतं. ओहोटीला उरणारी खोली आणि वाऱ्याची दिशा बघायला मुद्दाम जावं लागतं. सोय नसली तर बाहेरून विकत घेता येते. उथळ पाण्याचं तुम्ही काहीच करू शकत नाही. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: बोट, पाणी, त्या मरीनातली नेमकी स्लिप, सोयी आणि मग पैसे.

टप्पा १: बोट स्वतः मोजा

बोटीच्या माहितीपुस्तिकेतली लांबी बाजूला ठेवा. ती बऱ्याचदा फक्त सांगाड्याची असते. मरीना मोजते ती एकूण लांबी: पुढे बाहेर आलेला नांगराचा रोलर, मागचा पोहण्याचा फलाट, छोटी होडी टांगायचे दांडे, वर उचललेलं आउटबोर्ड इंजिन, सगळं धरून. पुस्तिकेत ३८ फूट असलेली बोट धक्क्यावर सहज ४१ फूट भरते.

चार मापं लिहून ठेवा:

- एकूण लांबी, फूट आणि मीटर दोन्हींत (१ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर).
- सर्वांत रुंद जागेची रुंदी, दोन्ही बाजूंचे फेंडर (बोट घासू नये म्हणून कडेला टांगलेल्या उशा) धरून.
- बोट पाण्याखाली किती बुडते ते, इंधन आणि पाण्याच्या टाक्या भरलेल्या असताना.
- पाण्यापासून वरच्या टोकापर्यंतची उंची. शिडाच्या बोटीत डोलकाठीवरचा अँटेना आणि वाऱ्याचं यंत्रही त्यात येतं.

कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली बोट) असेल तर रुंदीला विशेष महत्त्व. एका बोटीची जागा तिला पुरत नाही, म्हणून अनेक ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुप्पट आकारणी होते. भूमध्य समुद्राकाठच्या बऱ्याच मरीनांत बोटी मागची बाजू धक्क्याला टेकवून एकमेकींना खेटून लावतात. तिथे एकाच सांगाड्याच्या साध्या बोटीच्याही भाड्यात रुंदी मोजली जाऊ शकते.

तपासा: आकारणी बोटीच्या लांबीवर आहे की स्लिपच्या? पुष्कळ मरीना दोन्हींपैकी मोठा आकडा धरतात. ४१ फुटी बोटीला ४५ फुटांची स्लिप मिळाली तर चार फूट रिकाम्या पाण्याचं भाडं तुम्हीच भरणार.

टप्पा २: बोट तुम्ही कशी वापरता ते लिहा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, तरी लोक तो टाळतात. गेल्या हंगामात किती वेळा बाहेर पडलात, किती रात्री बोटीवर झोपलात, किती वेळा वीज जोडली, किती वेळा डिझेल भरलं? आकडे आठवत नसतील तर नोंदवही उघडा. नवीन मालकाने स्वतःच्या अंदाजाच्या निम्मे आकडे धरावेत. उत्साहात सगळ्यांनाच वाटतं की आपण दर शनिवारी समुद्रावर असू.

टप्पा ३: नकाशावर जागा तपासा

मरीनाला भेट द्यायच्या आधी सागरी नकाशा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसा. जागेमुळे दर का चढतो-उतरतो ते इथे उलगडतं. मोकळ्या पाण्याला जवळ, खोल, पुलांशिवाय, आडोशाची आणि शहरापासून गाडीने सोपी, एवढं सगळं एकत्र असलेली जागा दुर्मीळ आणि म्हणून महाग. स्वस्त मरीनात यातलं काहीतरी कमी असतंच. ते काय आहे आणि तुम्हाला त्याचा त्रास होणार का, एवढंच शोधायचं आहे.

मोकळ्या पाण्यापर्यंतचं अंतर. खाडीत किंवा नदीत आत असलेल्या मरीनाचा दर कमी असतो. पण समजा ती तीन सागरी मैल आत आहे आणि वाटेत पाच नॉटची (ताशी पाच सागरी मैलांची) वेगमर्यादा आहे. जायला ३६ मिनिटं, यायला ३६. हंगामात २५ फेऱ्या झाल्या तर ३० तास नुसते खाडीत गेले. इंजिन ताशी ३ लिटर डिझेल पीत असेल तर तेवढ्यावर ९० लिटर. बोटीवर निवांत बसून राहणाऱ्याला हे ३० तास आवडतीलही. कामावरून सुटून सूर्यास्ताआधी दोन तास शीड उभारू पाहणाऱ्याला मात्र ती मरीना निरुपयोगी.

खोली. नकाशावरची खोली साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून दिलेली असते. तिच्यातून बोट बुडते तेवढं माप वजा करा. २ मीटर पाणी आणि १.८ मीटर बुडणारी बोट म्हणजे तळाशी वीतभरच अंतर. शेजारून एखादी मोठी बोट लाट उठवत गेली की कील (बोटीच्या तळाचा कणा) चिखलात टेकणार. मी स्वतः अर्ध्या मीटरच्या खाली जात नाही. गाळ साचणाऱ्या जागी शेवटचा उपसा कधी झाला आणि पुढचा कधी, हे विचारा. नकाशावरचा आकडा त्या उपशाच्या आधीचा आहे की नंतरचा, तेही बघा.

दरवाजा किंवा उंबरा. भरती-ओहोटीत मोठा फरक असलेल्या किनाऱ्यांवर काही मरीना तोंडाशी उंबरा बांधून आतलं पाणी अडवतात. भरतीच्या आधी-नंतरचे काही तासच ये-जा होते. इथे एक हिशेब लोक विसरतात. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर ती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या शनिवारी दुपारी बाराला पूर्ण भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच सुमाराला ओहोटी. सुट्टीच्याच दिवशी बाहेर पडणाऱ्याचे निम्मे शनिवार वेळेच्या कसरतीत जातात. दर कमी असण्याचं हे कारण दरपत्रकात कोणी लिहीत नाही.

पूल. पुलाची उंची कोणत्या पाणपातळीपासून मोजली आहे ते नकाशाच्या टिपांत असतं, बहुधा भरतीच्या पातळीपासून. उघडणारा पूल असेल तर त्याच्या वेळा आणि गर्दीच्या तासांतली बंदी दोन्ही लिहून घ्या. बुटक्या पुलाच्या आतल्या मरीनात शिडाच्या बोटी नसतात, त्यामुळे मागणी कमी आणि दरही कमी. मोटरबोटवाल्यांसाठी ही खरीखुरी सवलत आहे, ती जरूर घ्या.

गोडं पाणी की खारं. गोड्या पाण्यात बोटीच्या तळाला शंखशिंपल्यांचा थर सहसा समुद्राइतका बसत नाही आणि धातू कमी गंजतो, म्हणून तळ घासण्याचा आणि रंगाचा खर्च घटतो. बोट खाऱ्यातून गोड्यात नेणार असाल तर बलिदानी अॅनोडचा (बोटीऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्याचा) धातू बदलावा लागतो: खाऱ्यात जस्त, गोड्यात मॅग्नेशियम, मचूळ पाण्यात अॅल्युमिनियम. थंड प्रदेशात गोडं पाणी आधी गोठतं. हिवाळ्यात बोट पाण्यात ठेवायची असेल तर बर्फ रोखायची यंत्रणा आहे का, आणि तिची वीज कोणाच्या बिलात, हे विचारा.

सावधान: वादळी पट्ट्यातल्या जागेचा दर विम्याच्या हप्त्यासकटच मोजा. उत्तर अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि काही विमा कंपन्या त्या काळात बोट ठरावीक अक्षांशाच्या पलीकडे हलवायची अट घालतात. तशी अट असेल तर वर्षभराच्या भाड्यातल्या सहा महिन्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

टप्पा ४: तीनदा जा, आणि वाईट वेळ निवडून जा

रविवारी सकाळी, निवांत उन्हात, पाणी आरशासारखं असताना कुठलीही मरीना छानच दिसते. तेव्हा सही करू नका.

पहिली भेट अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला. त्या वेळी पाणी सर्वांत खाली जातं. तोंडाशी आणि तुमच्या स्लिपपाशी किती उरतं ते डोळ्यांनी बघा. धक्का तरंगता असेल तर किनाऱ्यावरून उतरणारा उतार किती खडा होतो, त्यावरून सामानाची गाडी ढकलता येईल का? धक्का स्थिर असेल तर बोट किती खाली जाते आणि वर चढायला शिडी आहे का? भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरहून कमी असल्याने स्थिर धक्का चालून जातो. कॅनडातल्या बे ऑफ फंडीत हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. तुमची जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे त्यावर तरंगत्या धक्क्यासाठी जास्त पैसे मोजायचे की नाही ते ठरवा. फरक एक मीटरच्या वर असेल तर मी मोजेन. दोर सैल-घट्ट करायला रात्री उठायची हौस एका हंगामात फिटते.

दुसरी भेट तिथल्या नेहमीच्या जोरदार वाऱ्याच्या दिवशी. आधीपासून उभ्या असलेल्या बोटी बघा, त्या सगळं सांगतात. दोरांना कापड किंवा नळी गुंडाळलेली आहे, स्प्रिंगचे किंवा रबरी झटकारोधक लावलेत, क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या) सैल झालेत, एकाच कोपऱ्यावर दोन-दोन दोर आहेत, असं दिसलं तर लाटरोधक बंधारा पुरेसा नाही. तिथलं भाडं कमी असेल, पण उरलेले पैसे दोर, फेंडर आणि रंगाच्या दुरुस्तीत जातील.

तिसरी भेट सुट्टीच्या संध्याकाळी, गाडीने. पार्किंगपासून स्लिपपर्यंत चालत जा आणि मिनिटं मोजा. बर्फाची पेटी, शिडाची पिशवी आणि कंटाळलेलं मूल सोबत असल्याची कल्पना करा.

तपासा: रिकाम्या स्लिप मोजा. तुमच्या मापाच्या पाच-सहा रिकाम्या असतील तर दराबद्दल बोलायला जागा आहे. प्रतीक्षायादी असेल तर तिची अनामत परत मिळते का ते विचारा आणि दरावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

टप्पा ५: मरीनातली नेमकी स्लिप निवडा

एकाच मरीनात एकाच मापाच्या दोन स्लिपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि कित्येकदा दर मात्र एकच असतो. फायदा करून घ्यायचा तो इथेच. ‘४५ फुटी स्लिप मिळेल’ एवढ्यावर समाधान मानू नका. क्रमांक विचारा आणि तिथे जाऊन उभे राहा.

नेहमीचा वारा स्लिपच्या लांबीच्या दिशेने समोरून येत असेल तर बोट लावणं सोपं. आडवा येत असेल तर प्रत्येक वेळी शेजाऱ्याचा जीव टांगणीला. दोन रांगांमधला पाण्याचा रस्ता तिथल्या सर्वांत लांब बोटीच्या दीडपट तरी रुंद हवा; त्याहून अरुंद असेल तर वाऱ्यात वळताना घाम फुटतो.

काही स्लिपना दोन्ही बाजूंनी धक्क्याच्या अरुंद फांद्या असतात, काहींत दोन बोटी मध्ये आडोसा नसलेल्या एकाच जागेत उभ्या राहतात. दुसऱ्या प्रकाराचा दर कमी हवा. तो तसा नसेल तर विचारा.

धक्क्याच्या टोकाची आडवी जागा बोट लावायला सर्वांत सोपी, लांब बोटींनाही मिळते, पण जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बोटीची लाट आधी तुमच्यावर आदळते. फाटकाजवळची जागा महाग किंवा आधीच भरलेली. टोकाकडची चालायला लांब, पण मरीनाच्या तोंडाला जवळ आणि शांत. इंधनाच्या धक्क्याशेजारी वास आणि वर्दळ, उपाहारगृहासमोर रात्रीचं संगीत. दिवसा येऊन दिवसा जाणाऱ्याने या शेवटच्या दोन्हींना घाबरू नये. तिथे कुणी राहत नाही म्हणून कधी कधी चांगली स्लिप रिकामी सापडते.

टप्पा ६: सोयींची किंमत वापरावरून काढा

आता टप्पा २ मधला कागद काढा. दरपत्रकातल्या प्रत्येक सोयीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: दरात धरलेली, वेगळी, किंवा नाही. मग पुढे लिहा, गेल्या वर्षी किती वेळा लागली.

वीज. इथे सर्वांत जास्त गल्लत होते. उत्तर अमेरिकेत ३० अँपिअर, १२० व्होल्टच्या जोडणीतून सुमारे ३.६ किलोवॅट मिळतात, ५० अँपिअर, १२०/२४० व्होल्टमधून १२ किलोवॅट. युरोपीय पद्धतीत १६ अँपिअर, २३० व्होल्ट म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट आणि ३२ अँपिअर म्हणजे ७.४. नुसता बॅटरी चार्जर आणि दोन दिवे चालवणाऱ्याला सर्वांत छोटी जोडणी भरपूर झाली. दोन वातानुकूलन यंत्रं आणि पाणी तापवायची टाकी एकदम चालवणाऱ्याला मोठी लागतेच. मीटरवर बिल की ठोक रक्कम, हे विचारा. क्वचित वीज वापरणाऱ्याने मीटर मागावा. बोटीवर राहणाऱ्याला ठोक रक्कम बरी, म्हणूनच मरीना ती त्याला सहसा देत नाही.

सावधान: विजेच्या खांबावरचं सॉकेट काळवंडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर बाकीच्या देखभालीचा अंदाज बांधा. मरीनातल्या पाण्यात कधीही पोहू नका. सदोष जोडणीतून गळणारी वीज, विशेषतः गोड्या पाण्यात, माणसाला हालचाल करू न देता बुडवते. शिवाय विजेच्या अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडलं गेल्याने तुमच्या बोटीचा धातूही झिजतो. धक्क्यावरची वीज कायम जोडलेली ठेवणार असाल तर ही झीज रोखणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या.

मैला उपसणं. सोय स्लिपवरच आहे, फिरती बोट येते की एकाच ठिकाणी जाऊन रांग लावायची? बोटीवर रात्री काढणाऱ्यांनी हे तलावाच्या आणि कॅफेच्या आधी विचारावं.

बोट उचलण्याची सोय. क्रेन किंवा ट्रॅव्हल लिफ्ट (बोट पट्ट्यांवर उचलून नेणारी चाकांची क्रेन) आहे एवढं पुरत नाही. तुमच्या बोटीची रुंदी आणि वजन तिला पेलतं का? आणि याहून महत्त्वाचं: बाहेरचा मेकॅनिक आणता येतो का, स्वतः तळ रंगवायला परवानगी आहे का? काही यार्ड (बोटदुरुस्तीची आवारं) फक्त स्वतःचीच माणसं लावू देतात किंवा बाहेरच्याकडून विम्याचा कागद आणि शुल्क मागतात. स्वतःच्या हाताने कामं करणाऱ्याच्या वर्षभराच्या खर्चात इतका मोठा फरक दुसरी कुठलीच सोय पाडत नाही. मी एकदा हे न विचारता सही केली होती. इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं चक्र) बदलायच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी आठवडाभर यार्डाच्या माणसाची वाट बघितली.

सुरक्षा. कुलूपबंद फाटक, कॅमेरे आणि रात्री प्रत्यक्ष फिरणारा माणूस. तिसरी गोष्ट असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही, कारण सुटलेला दोर आणि बोटीत शिरणारं पाणी फिरणाऱ्या माणसालाच वेळेत दिसतं.

वायफाय धक्क्याच्या टोकाला चालतं का ते फोनवर बघा आणि पुढे चला. तलाव, व्यायामशाळा, क्लबहाउस दरातच धरलेली असतात. तुम्ही वापरा किंवा न वापरा. वापरणार नसाल तर अशी मरीना तुमच्यासाठी नाही, ती कितीही देखणी असो.

टप्पा ७: वर्षाचा एक आकडा काढा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा. बोट तीच, पुस्तिकेत ३८ फूट, मोजून ४१.

पहिली मरीना: दर महिना प्रति फूट १०. आकारणी स्लिपच्या लांबीवर, मिळाली ४५ फुटी. भाडं ४५०, वीज ठोक ४०, पार्किंग २०. एकूण ५१०.

दुसरी मरीना: प्रति फूट १२. आकारणी बोटीच्या लांबीवर, ४१ फूट. भाडं ४९२, मीटरप्रमाणे वीज २५, पार्किंग दरातच. एकूण ५१७.

दरपत्रक आणि पुस्तिका एवढ्यावर हिशेब केला असता तर ३८० विरुद्ध ४५६, म्हणजे महिन्याला ७६ चा फरक दिसला असता. खरा फरक ७. आता पहिली मरीना खाडीत तीन मैल आत असेल तर महिन्याच्या त्या ७ च्या बदल्यात हंगामाला ३० तास आणि ९० लिटर डिझेल तुम्ही देताय.

याच पद्धतीने बारा महिन्यांचा आकडा काढा आणि त्यात विम्याचा फरक, तळ घासणं, बोट उचलणं हे मिळवा. मासिक दर वार्षिक कराराच्या दरमहा हिशेबापेक्षा सहसा चढा असतो. पण बोट वर्षातले पाच महिने जमिनीवर राहणार असेल तर वार्षिक करार स्वस्त दिसूनही महाग पडू शकतो. दोन्ही काढून बघा.

तपासा: आकडा खिशाबाहेर जात असेल तर स्लिप सोडून दोन पर्याय आहेत. पाण्यातल्या बोयाला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बोट बांधणं बरंच स्वस्त, पण वीज नाही आणि ये-जा छोट्या होडीतून. छोट्या मोटरबोटींना रॅकवरची कोरडी साठवण बरी पडते. तिथे बोट उतरवून देण्याच्या वेळा आणि किती आधी कळवायचं ते विचारा.

टप्पा ८: करार वाचा, मग बोला

करारात ही कलमं शोधा: लांबी कोण आणि कशी मोजणार, दरवाढ कधी आणि किती, वादळाची सूचना आली की बोट हलवायची जबाबदारी कोणाची, बोटीवर किती रात्री राहता येतं, दुसऱ्या स्लिपवर हलवायचा अधिकार मरीनाला आहे का, मुदतीआधी सोडल्यास काय, आणि बोट विकली तर स्लिप नव्या मालकाला मिळते का. शेवटचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. तरी खरेदीदार आणि विक्रेते त्यावरून भांडताना दिसतात. महिनाभर सफरीवर गेलात तर मरीना ती स्लिप पाहुण्या बोटीला देणार का आणि त्यातलं काही तुमच्या खात्यात जमा होणार का, तेही विचारा.

घासाघीस प्रति फूट दरावर सुरू करू नका. तो आकडा व्यवस्थापकाच्या हातात क्वचितच असतो. पार्किंग, सामानाची पेटी, पहिला महिना, बोट उचलण्याची एक फेरी, किंवा त्याच दरात चांगल्या क्रमांकाची स्लिप, हे मागा. हंगाम संपताना मागा.

सही झाल्यावर बोट आणण्याआधी स्लिपचे, क्लीटचे आणि विजेच्या खांबाचे फोटो काढा, मीटरचा आकडा लिहून त्यावर कार्यालयाची सही घ्या आणि दोर दोन हात जास्त लांबीचे न्या.